विठ्ठल आणि कुळकर्णी



ज्या शाळेच्या बाकावर मी सहा वर्षे बसलो, त्या शाळेने सरांच्या स्मृत्यर्थ चालविलेल्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला दिला, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. सीमाभागातील मराठी साहित्य असा काही विषय घ्यावा, असे कार्यवाहांनी पत्रात सुचविले होते. त्या विषयावर मी पूर्वी पुष्कळ बोललो आहे आणि आता बोललो तर तेच बोलेन, म्हणून मी त्यांची क्षमा मागून दुसरा विषय घेतला. आज मी केवळ दोन शब्दांवर बोलणार आहे. त्यांपैकी एक नाव आहे आणि दुसरे आडनाव. दोन्ही इतकी नेहमीची आहेत की त्यांना काही अर्थ असतो हेच आपण विसरून गेलो आहोत.

१९६५ साली आमच्या नववीच्या वर्गात सात कुलकर्णी आणि तीन विठ्ठल होते. हजेरी घेताना सर नुसते 'कुलकर्णी' म्हणाले तर सात जण 'हजर' म्हणून ओरडत. म्हणून सरांनी आम्हाला गावे लावली होती. एक हुक्केरीचा, एक खानापूरचा, एक अथणीचा, असे आम्ही सात. या सातांपैकी चौघांच्या घरी कानडी बोलत. मी त्या चौघांतला. तीन विठ्ठलांपैकी एक देशस्थ ब्राह्मणाचा मुलगा होता, दुसरा मराठ्याचा आणि तिसरा धनगराचा. या तिसऱ्याच्या घरीही कानडीच होती. तो मामाकडे राहून मराठी शाळेत शिकत होता. तो माझ्या शेजारी बसे. आजच्या बोलण्याच्या शेवटी मला त्याच्याकडे परत यायचे आहे, म्हणून त्याला आपण लक्षात ठेवावे.

प्रथम विठ्ठल या नावाकडे वळू.

विठ्ठल हा शब्द कोठून आला, याविषयी विद्वानांत एकमत नाही, आणि मला वाटते ते होणारही नाही. सर्वांत लोकप्रिय उत्तर विटेचे आहे. पुंडलिकाने भिरकावलेल्या विटेवर देव उभा राहिला, म्हणून वीट अधिक स्थळ, म्हणून विठ्ठल. कथा गोड आहे. व्युत्पत्ती मात्र कथेच्या मागून आलेली दिसते. दुसरे उत्तर शास्त्रीपंडितांचे. त्यांनी शब्द फोडून 'वि' म्हणजे ज्ञान, 'ठ' म्हणजे शून्य आणि 'ल' म्हणजे घेणारा असा अर्थ लावला, म्हणजे ज्ञानशून्यांना ज्ञानाने जवळ करणारा तो विठ्ठल. अशा फोडीला मी व्युत्पत्ती म्हणणार नाही, पण भक्ताला आपल्या देवाच्या नावात काय ऐकावेसे वाटले, याचा तो पुरावा आहे.

तिसरे उत्तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वैष्णव-शैव पंथांवरील ग्रंथात दिले. त्यांच्या मते विठ्ठल हे विष्णु या नावाचेच कानडी मुखातून झालेले रूपांतर आहे. आपल्या भागातील श्रोत्यांना हे पटवून द्यायला फार श्रम पडू नयेत. कृष्णाचा 'किट्टू' आणि 'किट्टप्पा' होताना आपण गल्लीगल्लीत ऐकले आहे. ज्या जिभेने 'ष्ण'चा 'ट्ट' केला, तिने विष्णूचाही 'बिट्टी' केला. बाराव्या शतकातील प्रसिद्ध होयसळ राजा विष्णुवर्धन याचे आधीचे नाव बिट्टिदेव होते. दूर बंगालातही कृष्णाचा केष्टो आणि विष्णूचा बिष्टू होतो, तेव्हा हे केवळ कानडी जिभेचे लाघव आहे असेही नाही. 'बिट्टी'मधल्या 'ट'ला 'विठ्ठल'मध्ये महाप्राण कसा मिळाला आणि शेवटचा 'ल' कोठून आला, या शंका उरतातच. तरी सांगितल्या गेलेल्या सर्व उत्तरांत मला हेच उत्तर सर्वांत कमी ओढाताणीचे वाटते.

चौथी वाट डॉ. रा. चिं. ढेरे यांची. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा त्यांचा ग्रंथ १९८४ साली आला आणि १९८७ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शब्दाची फोड करीत बसण्यापेक्षा ढेऱ्यांनी देवाचे मूळ घर शोधले आणि ते त्यांना धनगर-गवळ्यांच्या वाड्यांवर सापडले. कोल्हापूरजवळच्या पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरदेव एकत्र पुजले जातात, हे येथील पुष्कळांना ठाऊक असेल; काही जण त्या यात्रेतला भंडारा अंगावर घेऊनही आले असतील. कानडी कुरुबांचा बिरप्पा आणि मराठी धनगरांचा बिरदेव एकच, आणि त्याचा जोडीदार विठ्ठल. सर्व विद्वानांना ढेऱ्यांचे सगळे निष्कर्ष मान्य नाहीत. परंतु विठ्ठल हे नाव ब्राह्मणाच्या ओसरीवरून धनगराच्या वाड्यावर गेले असे जे आपण गृहीत धरून चालतो, ते उलटही घडलेले असू शकते, एवढा विचार या ग्रंथाने आपल्याला करायला लावला.

नाव कोणत्या भाषेचे, हा प्रश्न या गावात विचारला की लगेच आवाज चढतात. म्हणून दगडावर काय कोरले आहे ते आधी पाहावे. होयसळ राजा सोमेश्वराने १२३७ साली पंढरपूरच्या देवाला दिलेल्या दानाचा शिलालेख आहे. पंढरपूरचे 'पंडरगे' हे जुने नावही कानडी वळणाचे आहे आणि पांडुरंग हे त्याचेच संस्कृत केलेले रूप असावे, असे भांडारकर म्हणतात. त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत, १२७३ ते १२७७ या काळात, यादव रामचंद्राच्या राज्यात 'चौऱ्यांशीचा शिलालेख' म्हणून ओळखला जाणारा लेख कोरला गेला. त्यात देवळासाठी देणग्या देणाऱ्यांची नावे आहेत. एका राज्यातला राजा दान देतो आणि शेजारच्या राज्यातले लोकही वर्गणी देतात. संतांनी या देवाला 'कानडा' म्हटले. त्या शब्दाचा एक अर्थ कर्नाटकाचा आणि दुसरा न कळणारा, गूढ असा आहे. मराठी माणसाला शेजाऱ्याची भाषा आणि देवाचे गूढ यांसाठी एकच शब्द पुरला, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटते.

कानडी हरिदासांकडे पाहिले तर तेथेही हाच. पुरंदरदासांची मुद्रा 'पुरंदर विठ्ठल', विजयदासांची 'विजय विठ्ठल', गोपाळदासांची 'गोपाळ विठ्ठल', जगन्नाथदासांची 'जगन्नाथ विठ्ठल'. हंपीला विजयनगरच्या राजांनी विठ्ठलाचे भव्य देऊळ उभारले. पंढरीची मूर्ती हंपीला नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, असे परंपरा सांगते. गुजरातेत गेलो तर वल्लभाचार्यांच्या मुलाचे नाव विठ्ठलनाथ. पुष्टिमार्गाबरोबर ते नाव तिकडच्या घराघरांत गेले. १९२५ साली मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष म्हणून निवडून आलेले विठ्ठलभाई पटेल हे त्याच प्रदेशातले. आमच्या बडोद्याच्या मित्रांना मराठी विठ्ठलराव आणि गुजराती विठ्ठलभाई एकाच पोळात भेटत असत.

परंतु एका गोष्टीकडे व्युत्पत्तिकारांचे लक्ष क्वचितच जाते. नाव एक असले तरी ते सर्वांना सारखे मिळत नाही. ज्याच्या अंगावर उपरणे, तो विठ्ठलपंत. पाटलाच्या घरचा असेल तर विठ्ठलराव किंवा विठोजी. शेतकऱ्याला विठोबा किंवा विठू म्हणावे. आणि ज्याला गाव काही मोजत नाही, तो विठ्या. स्त्री असेल तर विठाबाई किंवा विठी. जुनी दप्तरे चाळताना मला माणसाची जात, जमीन आणि पत ही त्याच्या नावाच्या शेपटीवरून कळत असे, आडनावाची गरजच पडत नसे. देवालाही आपण विठू म्हणतो, पण ते लाडाने. कागदातला 'विठ्या' लाडाचा नसतो.

आता आडनावाकडे येऊ. येथे मला थोडे अधिक रेंगाळावे लागेल, कारण हे माझे स्वतःचे आडनाव आहे आणि त्याच्याशी माझा हिशेब पुरता झालेला नाही.

'कुलकर्णी' हे आज आपण 'ल' घालून लिहितो. त्यामुळे ऐकणाऱ्याला कुलशील, कुलदैवत, कुलवंत हे शब्द आठवतात आणि हे काहीतरी घराण्याच्या थोरवीचे नाव असावे असे वाटते. माझ्या एका चुलत्यांनी तर कुलाची कीर्ती कानोकानी नेणारा तो कुलकर्णी, असा अर्थ मला मोठ्या अभिमानाने सांगितला होता. त्यांनी 'कर्ण' म्हणजे कान धरला. जुन्या कागदांत मात्र हे नाव 'कुळकर्णी' किंवा 'कुळकरणी' असे 'ळ'ने येते. मोल्सवर्थच्या कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, त्याचा अर्थ सरळ दिला आहे : पाटलाच्या हाताखालचा गावकामगार, जो कुळांचे सरकाराशी असलेले हिशेब आणि गावचे दप्तर ठेवतो. म्हणजे येथे 'कुळ' हे माझ्या घराण्याचे नव्हे. ते जमीन कसणाऱ्याचे आणि सारा भरणाऱ्याचे. कूळकायदा या शब्दात जे कूळ आहे, तेच हे. माझ्या आडनावाच्या आरंभी माझा पूर्वज बसलेला नाही. ज्याचा हिशेब माझा पूर्वज लिहीत असे, तो शेतकरी बसला आहे. 'ळ'चा 'ल' झाला आणि तो शेतकरी नावातून दिसेनासा झाला.

कानडी कानाला हे आणखी स्पष्ट ऐकू येते. कानडीत 'कुळ' या शब्दाचा एक अर्थ सारा भरणारा असा आहे, आणि दुसरा आहे नांगराचा फाळ. या दुसऱ्या अर्थावरून आडनाव आले असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे माझ्या चुलत्यांच्याच पंगतीत जाऊन बसणे होईल. माझे म्हणणे एवढेच की हुक्केरीच्या चावडीत 'कुळकर्णी' ही हाक ऐकणाऱ्या माणसाच्या मनात घराणे येत नसून शेत येत असावे.

'करणी'चा उलगडा त्यामानाने सोपा आहे. संस्कृतात 'करण' म्हणजे लेख, दस्तऐवज, आणि तो लिहिणारा कारकूनही. हा शब्द देशभर पसरला. ओरिसात करण ही लेखकांची जात आहे. आंध्रात गावचा हिशेबनीस तो करणम. तेथील सरकारने ती वंशपरंपरागत पदे १९८४ साली रद्द केली. 'करणिक' या रूपातून आपल्याकडचे कर्णिक आले. गोव्यात गावकऱ्यांच्या संस्थेचा लेखनिक तो कुळकर्णी. पोर्तुगीजांनी १५२६ साली गावकारीच्या चालीरीतींची जी सनद तयार केली, तिच्यातही या लेखनिकाला स्थान आहे. जुन्या म्हैसूरकडे मात्र हे काम शानभोग करी, म्हणून तिकडे कुलकर्णी हे आडनाव विरळ दिसते. मराठीत करणीचा आणखी एक अर्थ आहे, जादूटोण्याचा. खेड्यातले विनोदी लोक त्यावरून कुळांवर करणी करणारा तो कुळकर्णी, असे म्हणत. लहानपणी मला त्याचा राग येई.

कानडी घरांत मराठी हिशेबाचे हे नाव कसे आले, याचे उत्तर राज्यकारभाराच्या इतिहासात आहे. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने, ज्याची कारकीर्द १५३४ ते १५५८ अशी होती, महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची आज्ञा दिली, असे फिरिश्ता सांगतो. पुढे मराठ्यांचा अंमल आला, पेशवाई आली, आणि बेळगाव-धारवाडकडच्या कानडी बोलणाऱ्या गावांतही दप्तर मोडी लिपीत आणि मराठी भाषेत लिहिले जाऊ लागले. इंग्रजी राज्याच्या आरंभीही काही काळ तीच रीत राहिली. त्यामुळे आमच्या घरांत एक विलक्षण विभागणी झाली. चुलीपाशी कानडी, देव्हाऱ्यात संस्कृत आणि चावडीवर मराठी. तुमची मातृभाषा कोणती, असे मला शिरगणतीच्या कारकुनाने विचारले तेव्हा मी क्षणभर घुटमळलो होतो.

या आडनावाने दोन्ही भाषांना किती दिले, याची फक्त दोन उदाहरणे देतो. मराठी कथेचे एक शिखर असलेले जी. ए. कुलकर्णी १९२३ साली याच जिल्ह्यातल्या एकसंबे येथे जन्मले, आणि आयुष्याचा मोठा काळ धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत राहिले. वाचक त्यांना 'जी. ए.' एवढेच म्हणतो. आडनाव गळूनच गेले. दुसरे वेंकटेश तिरको कुलकर्णी, म्हणजे कानडी कादंबरीचे एक जनक 'गळगनाथ'. १८६९ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी आमच्या हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या कानडीत नेल्या, आणि आपली पुस्तके डोक्यावर वाहून दारोदार विकली असे सांगतात. त्यांनीही आडनाव बाजूला ठेवून गावाचे नाव घेतले. दोघांनीही ते का टाकले हा मुद्दा नाही, परंतु योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. पूर्वी कुळकर्णी हे आडनाव नव्हतेच. तो हुद्दा होता, वतन होते. माणूस स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि गाव सांगे. ज्ञानेश्वरांचे घराणे आपेगावचे कुळकर्णी, असे परंपरा सांगते, आणि त्यांच्या वडिलांचे नाव विठ्ठलपंत. आजच्या रीतीने हजेरीपटात लिहायचे तर ज्ञानेश्वरांच्या वडिलांचे नाव विठ्ठल गोविंद कुलकर्णी असे होईल. पण तसे त्यांना कोणी म्हटले नाही. समर्थ रामदासांचे घराणे जांबेचे कुळकर्णी होते, तरी आडनाव ठोसरच राहिले. हुद्द्याचे आडनाव पक्के झाले ते इंग्रजी अमलात, कोर्टकचेरीच्या कागदांत आणि शाळांच्या दाखल्यांत. याच काळात काही घरे पाटील झाली, काही देशपांडे, आणि ज्यांचे खरे उपनाम काही वेगळेच होते अशी कित्येक घरे कुलकर्णी झाली. मूळ उपनाम फक्त लग्न जुळवताना म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकू येई.

हुद्दा गेला तो दोन टप्प्यांत. महात्मा फुल्यांनी एकोणिसाव्या शतकातच भटकामगारांवर आणि गावच्या कुळकर्ण्यांवर आपला असूड ओढला होता. पाटील बहुधा निरक्षर, शेतकरी निरक्षर, आणि गावात लिहिता येणारा एकटा कुळकर्णी. त्याने जे लिहिले तेच खरे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुळकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले आणि ही नोकरी इतर जातींना खुली केली. येथून शंभरेक किलोमीटरवर हे घडले. त्या वेळच्या वतनदारांनी केलेला गिल्ला वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत वाचायला मिळतो. इंग्रजी मुलुखातल्या आमच्या गावांत मात्र वतन चालूच राहिले. मुंबई राज्याने १९५० साली परगणा व कुळकर्णी वतने रद्द करण्याचा कायदा केला आणि १ मे १९५१ पासून तो लागू झाला. त्या दिवशी माझे आजोबा दप्तराचे रुमाल बैलगाडीत घालून तालुक्याला देऊन आले. सरकारी रुमाल गेले. खासगी कागदांची एक पेटी माळ्यावर राहिली. त्यातल्याच कागदांवर त्यांनी मला मोडी शिकविली.

लहानपणापासून मी शाहू महाराजांविषयी घरात बरे ऐकले नव्हते. शाळेत सरांकडून जे ऐकले ते वेगळे होते. सर स्वतः जन्माने वतनदार घराण्यातले, तरी वर्गात म्हणाले, "महाराजांनी आपली लेखणी काढून घेतली नाही. तिची मक्तेदारी काढून घेतली." मला ते तेव्हा कळले नाही. कळले ते काही महिन्यांनी.

आता शेजारच्या बाकावरच्या विठ्ठलाकडे येतो. त्याच वर्षी पावसाळ्यात एके दिवशी त्याने कापडात गुंडाळलेला एक कागद सरांकडे आणला. त्याच्या वडिलांनी तो दिला होता. कागद मोडीत होता आणि गावात आता तो कोणाला वाचता येत नव्हता. घरात पिढीजात बोलणे असे होते की आजोबांनी दुष्काळात चार एकर जमीन एका सावकाराला गहाण दिली आणि ती परत मिळाली नाही. पैसे फेडायला गेले तेव्हा सावकार म्हणाला, गहाण कसले, खरेदी आहे. पुढे तेच शेत ते त्याच सावकाराची कुळे म्हणून कसत राहिले. कागदात नेमके काय आहे, हे त्यांना पाहायचे होते. सरांनी कागद उघडला, थोडा वेळ पाहिला आणि माझ्यापुढे ठेवला. "तुझे आजोबा तुला मोडी शिकवतात ना? वाच."

मी अक्षर पाहताच ओळखले. 'क'चा फाटा आणि ओळीच्या शेवटी ओढलेली ती लांब रेघ मी रोज पाहत होतो. कागद शके १८४० चा, म्हणजे १९१८ चा होता. त्या वर्षी पाऊस गेला होता आणि इन्फ्लुएंझाने गावे ओस पाडली होती. रक्कम साठ रुपये. पहिल्याच ओळीत 'कूळ विठ्या' होते, पुढे त्याच्या बापाचे नाव, जमिनीच्या चतुःसीमा, आणि मग शब्द होता 'खरेदी'. खाली सहीच्या जागी नांगर काढलेला होता आणि त्याच्याजवळ 'निशाणी नांगर' असे लिहिले होते. अगदी शेवटी 'बिकलम' म्हणून माझ्या आजोबांचे नाव, पुढे 'कुळकर्णी'. 'ळ' स्पष्ट होता.

मी वाचले. विठ्ठल काही बोलला नाही. सरांनी त्याला कानडीत विचारले, तुमच्या घरी आजोबांचा कोणता शब्द सांगतात? तो म्हणाला, 'अडवु'. कानडीत अडवु म्हणजे गहाण. त्याचे आजोबा कानडीखेरीज दुसरी भाषा जाणत नव्हते आणि माझ्या आजोबांनी कागद मराठीत लिहिला होता. मधल्या अंतरात काय घडले, हे सांगणारा तिसरा साक्षीदार नव्हता. सावकाराने जे सांगितले ते आजोबांनी लिहिले असेल. त्या माणसानेच नाइलाजाने खरेदीला होकार दिला असेल आणि घरी मात्र गहाण म्हणून सांगितले असेल. तिसरी शक्यता मला त्या दिवशी सर्वांत खरी वाटली, आणि आजही मी ती पूर्ण सोडून दिलेली नाही.

संध्याकाळी मी आजोबांना विचारले. ते पंचाहत्तरीला आले होते. त्यांना कागद आठवला, जमीनही आठवली. ते कानडीतच म्हणाले, "त्या वर्षी एकेका घरातून दोन-दोन माणसं जात होती. लिहायला माझ्याशिवाय होतं कोण?" मी पुन्हा विचारले, त्याने अडवु म्हटले होते का? ते उठून पाणी प्यायला गेले. पुढे सात वर्षे ते जगले; हा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही तो काढायचा धीर झाला नाही. त्यांनी मला हाताला धरून अक्षर शिकवले होते. त्यांच्याविषयी मी येथे फिर्याद मांडतो आहे असे कोणी समजू नये. मी व्युत्पत्ती सांगतो आहे. कुळ आणि करणी या दोन शब्दांच्या मध्ये काय काय राहू शकते, ते कोशात मिळाले नाही म्हणून घरातून सांगितले.

जमिनीचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. कर्नाटकातला जमीन सुधारणा कायदा १९७४ साली दुरुस्त झाला आणि कसणाऱ्या कुळांना न्यायमंडळापुढे अर्ज करून मालकी मागता आली. विठ्ठलाच्या वडिलांनी अर्ज केला आणि जमीन त्यांच्या नावावर झाली. १९१८ च्या त्या कागदाचा त्यात काही उपयोग झाला नाही. पाहिले गेले ते एवढेच की शेत कोण कसतो. अर्ज कानडीत होता आणि त्यात कुळासाठी शब्द होता 'गेणीदार'. तो अर्ज विठ्ठलाने स्वतः लिहिला. त्याचे अक्षर वर्गात सर्वांत चांगले होते, हे येथे बसलेल्या त्याच्या बरोबरीच्या मंडळींना आठवत असेल.

त्याच्या नावाविषयी एक राहिले. शाळेच्या दाखल्यात त्याचे नाव 'विठ्ठल' असे आहे. दाखला घ्यायला तो मामाबरोबर आला तेव्हा मामाने सांगितलेले नाव 'विठ्या' होते, मेलेल्या आजोबांचेच ठेवलेले. सरांनी मामाला विचारले, "देवाचं नाव काय?" मामा म्हणाला, विठ्ठल. सरांनी तेच लिहिले. हे मला विठ्ठलाने पुष्कळ वर्षांनी सांगितले.

त्या दिवशी वाचन झाल्यावर सरांनी मला तो कागद बाळबोधीत उतरवून द्यायला सांगितले, आणि खाली कानडीत त्याचा अर्थही लिहायला सांगितले. मी पहिल्या ओळीशी अडलो. वर्गमित्राच्या आजोबांना 'विठ्या' लिहिणे माझ्या हातून होईना, म्हणून मी 'विठ्ठल' लिहिले. सरांनी ते खोडायला लावले. "कागदात आहे तसंच लिही. नाहीतर तूही तेच करशील." मग मी 'विठ्या' लिहिले, 'खरेदी' लिहिले, आणि शेवटी आजोबांचे नाव आणि त्यापुढे 'ळ' घालून कुळकर्णी लिहिले. कानडी अर्थात 'खरेदी' या शब्दापुढे कंसात काय लिहावे, हे मी सरांना विचारले. ते म्हणाले, "घरचे काय म्हणतात ते वेगळ्या ओळीत लिही. कोण म्हणतं तेही लिही."

ती नक्कल विठ्ठलाच्या घरी अजून आहे. गेल्या दिवाळीत त्याने ती मला दाखविली. शाई फिकी झाली आहे, पण दोन्ही ओळी वाचता येतात.